पास्कल मास्तरांची शिडी

पेडणेकरांना कोणी काहीही विचारलं की ते म्हणत, "बघून सांगतो." त्यांची सगळी नोकरी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. तिथल्या पहिल्या साहेबांनी त्यांना बजावलं होतं की ग्रंथपालाने आठवणीवर उत्तर द्यायचं नाही. आधी पुस्तक उघडायचं, मग तोंड. बाकीचे कारकून हे विसरले, पेडणेकर विसरले नाहीत. निवृत्त होऊन मुंबईबाहेर एव्हरशाईन सिटी या वसाहतीत राहायला आल्यावर भाजीवाल्याने "काका, मेथी बांधू का?" असं विचारलं तरी त्यांच्या तोंडून तेच निघे.

"मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हाही हेच म्हणाले होते," त्यांच्या पत्नी लतिकाबाई शेजारणींना सांगत. "माझे वडील वाट बघत बसले. हे कुठल्या पुस्तकात बघत होते कोण जाणे."

पेडणेकर यावर नुसते हसत. त्यांना ते खरंच वाटे.

एका विषयात मात्र त्यांची पुष्कळ पानं पाठ होती. एक प्राध्यापक वारल्यावर त्यांची पुस्तकं कॉलेजला मिळाली होती, आणि त्यांत अमेरिकेतल्या जुन्या जाझवरची पुस्तकं फळीभर होती. ती कधीच कोणी घरी नेली नाहीत. पेडणेकरांनी एकेक करत सगळी नेली, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून नेली. ते निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने ती रद्दीत काढली, आणि पेडणेकरांनी पैसे भरून ती आपल्या कपाटात आणून लावली. वाद्य त्यांनी जन्मात हातात धरलं नव्हतं. गाणंसुद्धा ते न्हाणीघरात नळ सोडल्याशिवाय म्हणत नसत. पण कॅन्सस सिटी नावाच्या शहरातला एक रस्ता त्यांना आपल्या गल्लीसारखा माहीत होता. अमेरिकेच्या ऐन मध्यातलं ते कत्तलखान्यांचं, धान्याच्या कोठारांचं शहर. देशभर दारूबंदी होती तेव्हा तिथे दारू उघड्यावर मिळे, कारण शहराचा पुढारी आणि पोलीस एकाच ताटात जेवत. गुत्ते बंद होत नसत, म्हणून वादकही घरी जात नसत. सगळ्या मुलखातून पोरं बाजा बगलेत मारून तिथे यायची, आणि जुने लोक त्यांना वाजवता वाजवताच तुडवायचे.

नंदाखाल गावच्या पास्कल मास्तरांशी पेडणेकरांची ओळख एका लग्नात झाली. नवरदेवाची मिरवणूक एव्हरशाईनच्या गेटात थांबली होती, ब्रास बँड कुठलंतरी सिनेमाचं गाणं बडवत होता, आणि त्यात ट्रम्पेटवाल्या म्हाताऱ्याने मध्येच चार तुकडे असे घातले की खाली दूध आणायला आलेले पेडणेकर पिशवी हातात घेऊन तसेच बँडच्या मागे निघाले. पार स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेले. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, "हे तुम्ही कुठे ऐकलंत?"

"का? चुकलं?" म्हातारा म्हणाला.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी पेडणेकर दोन रिक्षा बदलून नंदाखालला जात. मास्तरांच्या ओट्यावर बसत आणि एखादं पुस्तक उघडून त्यातली दोन-चार पानं मराठी करून वाचून दाखवत. मास्तर ऐकत. मास्तरांची बायको वाटीतून सुकेळी, वाळवलेली केळी, आणून ठेवी. केळीच्या बागांतून वारा आला की पानं फडफडत, आणि पेडणेकरांना वाटे की आपण वाचलेलं कुठेतरी पोचतंय.

मास्तर गोड माणूस नव्हते. तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात ते बँडमध्ये होते. पुढे गावात येऊन त्यांनी स्वतःचा ब्रास बँड काढला आणि आगाशीपासून माणिकपूरपर्यंतची तीन पिढ्यांची पोरं तयार केली. तयार केली म्हणजे पट्टीने बोटं सुजवली. सूर चुकला की मास्तर वाजवणं थांबवत आणि सगळ्यांसमोर विचारत, "तुझ्या आईने काय विकून पाठवलं रे तुला? परत घेऊन टाक म्हणावं."

आणि त्यांची शिडी होती.

हॉटेलातल्या एका म्हाताऱ्या पियानोवाल्याने त्यांना कॅन्सस सिटीची ही रीत सांगितली होती. नवा माणूस आला की सगळे मिळून एक साधी चाल धरतात. एक फेरी झाली की बँड अर्धा सूर वर चढतो. पुन्हा तीच चाल, पुन्हा अर्धा सूर वर. अशा बारा पायऱ्या. पायरी पायरीने. नव्या माणसाने त्यांच्याबरोबर चढायचं. कधी बोटं चुकतात, कधी ओठ दगा देतात. ज्या क्षणी तो अडखळेल त्या क्षणी ड्रमवर एकच ठोका, आणि सगळे गप्प. त्याचा चुकलेला सूर एकटाच वर लटकत राहतो. नंदाखालला मास्तरांनी त्याला आपली पुस्ती जोडली होती. पडलेल्याने बाजा जमिनीवर ठेवायचा आणि पुढच्या दाराने न जाता मागच्या दाराने, केळीतून निघून जायचं. परत यायचं नाही. आणखी एक नियम असा की सहा महिने ज्याने वाजवलं नाही त्याने बँडमध्ये परतताना पुन्हा शिडी चढायची, मग तो कोणीही असो.

एका गुरुवारी पेडणेकरांनी एक उतारा वाचला. कॅन्सस सिटीतल्याच कोणा वादकाच्या आठवणी होत्या. त्याने लिहिलं होतं की एका म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याचे ओठ थकले की तो अर्ध्या शिडीवरून सरळ एक सप्तक खाली उतरे, आणि तिथून बँडबरोबर पायरी पायरीने पुन्हा चढत राही. याला कोणी पडणं म्हणत नसे. खोलीतले लोक उभे राहत.

मास्तर म्हणाले, "परत वाचा."

पेडणेकरांनी परत वाचलं.

"माझ्याकडे एक पोरगा होता, धर्मा. खाडीकाठच्या शेतकऱ्याचा. क्लॅरिनेट वाजवायचा. तो असाच उतरला होता शिडीवर."

"मग?"

"मग काय. पडला म्हटलं मी." मास्तरांनी वाटीतली सुकेळी उचलली आणि पुन्हा ठेवून दिली. त्यांना ती चावत नव्हती. गेल्या पावसाळ्यात त्यांचे वरचे दात काढले होते आणि कवळी बसवली होती. ट्रम्पेटवाल्याच्या ओठाला मागून दाताची भिंत लागते. ती भिंत आता डॉक्टरने करून दिलेली होती. तेव्हापासून त्यांनी चारचौघांत वाजवलं नव्हतं. घरी मात्र रोज फुंकत होते, हे पेडणेकरांना मास्तरांच्या बायकोने सांगितलं होतं, तेही रिक्षापर्यंत सोडायला येऊन, हळू आवाजात.

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी पेडणेकर ओट्यावर असतानाच गॉडफ्रेची बाईक येऊन थांबली. गॉडफ्रे मास्तरांचाच चेला. ड्रम वाजवायचा. मास्तर थकल्यावर बँड आता तोच चालवत होता.

"मास्तर, एव्हरशाईनला अल्पेशभाई नवीन रेस्टॉरंट काढतोय," तो बाईकवर बसूनच म्हणाला. "दर शनिवारी जाझ पाहिजे त्याला. आपल्याला मिळालं."

मास्तर ताठ बसले. "कधीपासून?"

"येत्या शनिवारपासून. पाचच जण. स्टेज छोटा आहे."

"ट्रम्पेट मी."

"ट्रम्पेट प्लासिड."

"प्लासिडला जाझ कोणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग?"

"मग शिकला ना तो." गॉडफ्रे हसला नाही. "मास्तर, तुम्ही पाऊस पडल्यापासून स्टेजवर नाही. दातांचं पण..."

"दात माझे आहेत."

"डॉक्टरचे आहेत."

पेडणेकरांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि ते बागेकडे बघायला लागले. मास्तर म्हणाले, "बँड कोणाचा आहे, गॉडफ्रे?"

"तुमचा. म्हणून तर तुमचा नियम. सहा महिन्यांच्या वर झाले. शिडी चढा, चढलात तर प्लासिड घरी बसेल. मी स्वतः सांगेन त्याला."

"रविवारी," मास्तर म्हणाले. "चर्चमधली मिस्सा झाल्यावर."

गॉडफ्रेने बाईक चालू केली, मग बंद केली आणि तो पेडणेकरांकडे वळला. "सर, तुम्हीपण या. तुमच्याकडे एक कामपण आहे. अल्पेशभाईला शनिवारी माईकवर बोलणारा माणूस पाहिजे. जाझ म्हणजे काय, ते तुमचं कॅन्सस सिटी, पाच मिनिटं. लोकांना कळलं पाहिजे ना काय ऐकतायत. मी तुमचं नाव दिलंय."

पेडणेकरांचे कान गरम झाले. इतक्या वर्षांत त्यांना त्या फळीवरचं कोणी काही विचारलं नव्हतं.

"बघून सांगतो," ते म्हणाले.

"बघा. पण हो म्हणा."

घरी येताना दुसऱ्या रिक्षात त्यांनी मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवलं. ते त्यांना बरं वाटलं, म्हणून त्यांना स्वतःची थोडी शरम वाटली. मास्तरांच्या जागेचं काय होणार हे ठरलेलं नव्हतं, आणि हे आपल्या माईकचा विचार करत होते.

गॉडफ्रेच्या घरामागे केळीच्या बागेला लागून बँडची पत्र्याची शेड होती. रविवारी पेडणेकर पोचले तेव्हा त्यांना वाटलं चार-पाच माणसं असतील. शेडभर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि बहुतेक भरल्या होत्या. सगळे पुरुष, तिशीपासून साठीपर्यंतचे. कोणी बेकरीवाला, कोणी केबलवाला, कोणी मुंबईला नोकरीला जाणारा. आधी त्यांना कळलं नाही ही माणसं कोण. मग एकाने दुसऱ्याला "तू कितव्या पायरीवर पडलेलास रे?" असं विचारलं, आणि दुसरा म्हणाला, "चौथ्या. तू?" तेव्हा कळलं. गॉडफ्रेने व्हॉट्सॲपवर निरोप धाडून शिडीवरून पडलेल्या सगळ्यांना बोलावलं होतं.

नवीन रेस्टॉरंटचा मालक अल्पेश पुढच्या रांगेत मोबाईल धरून बसला होता. मास्तर आत आले. हॉटेलच्या दिवसांतला काळा वेस्टकोट, फेल्टची हॅट, हातात पेटी. अल्पेश शेजारच्याला म्हणाला, "अंकलचा लूक बघ. एकदम ओरिजिनल. ही हॅट आता मिळत पण नाही."

मास्तरांनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. चेहरे ओळखले असावेत. त्यांनी गॉडफ्रेकडे पाहिलं आणि मान हलवली, जणू चेल्याने एक अवघड जागा बरोबर वाजवली होती.

एक रुंद, उन्हाने काळवंडलेला माणूस उठून पुढे आला. "मास्तर, वळखलात का?"

"धर्मा. क्लॅरिनेट."

"क्लॅरिनेट व्हती. आता टेम्पो हाय. तो पन चढतो बरं का मास्तर. आनि त्याला रिव्हर्स पन हाय."

सगळे हसले. "मागच्या बाजूला पानी सोडलंय आज बागंला," धर्मा म्हणाला. "चिखल झालाय. मी म्हनलं, आधीच सांगून ठेवावं. मला तवा कोनी सांगितलं नव्हतं."

"बस, धर्मा," मास्तर म्हणाले. "तू नेहमी लवकर आत यायचास. तालात पण."

पुन्हा हसू आलं, पण या वेळी धर्माला नाही.

पेडणेकर कडेच्या खुर्चीवर बसले. कोपऱ्यात प्लासिड आपला ट्रम्पेट छातीशी धरून उभा होता. चोविशीतला पोरगा, अंगाने सडपातळ. त्याला आज वाजवायचं नव्हतं. त्याच्याकडे बघून वाटत नव्हतं की त्याला मास्तरांनी पडावं असं वाटतंय. न पडावं असं वाटतंय, असंही वाटत नव्हतं.

गॉडफ्रेने काठ्या आपटून ताल दिला. कीबोर्ड आणि बास गिटारने चाल धरली. मास्तर पहिल्या पायरीवर आले.

पेडणेकरांना संगीतातलं किती कळत होतं हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. पण पहिल्या तीन फेऱ्यांत त्यांचे डोळे भरून आले. मास्तर चालीच्या किंचित मागे राहत होते. सूर उशिरा आणत, आणि तो आला की तो तिथेच यायला हवा होता असं वाटे. खुर्च्यांवरची दोन-तीन पावलं नकळत हलायला लागली. मग त्या माणसांना आपलं पाऊल हलतंय हे दिसलं, आणि ती थांबली.

चौथ्या पायरीवर मास्तरांच्या गालाची शीर वर आली. पाचव्यावर त्यांनी ट्रम्पेट ओठावर जरा डावीकडे सरकवला. कवळी हलली असावी. त्यांनी जिभेने ती बसवली, तो अर्धा ताल गेला, पण चाल सुटली नाही. सहाव्यावर वरचा सूर फाटला. कापड फाटावं तसा. कोणीतरी "गेला, गेला" असं म्हणालं. माणसं खुर्चीवर पुढे सरकली. गॉडफ्रेने ठोक्यासाठी उजवा हात उचललासुद्धा.

मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला. एक श्वास. सातव्या पायरीवर बँड चढला, आणि मास्तर त्याच चालीवर एक सप्तक खाली येऊन उभे राहिले.

खालचा तो आवाज वेगळाच होता. घोगरा, गरम, जरा धुळकट. फेरी पुरी झाली. आठवी पायरी. मास्तर खालूनच चढले. नववी. प्लासिडने दातांत धरलेला ओठ सोडला. त्याने ट्रम्पेट छातीवरून खाली घेतला, जसा माणूस देवळात शिरताना चपला काढतो. मास्तरांनी डोळे मिटले होते. दहाव्या पायरीवर, सूर चुकलेला नसताना, गॉडफ्रेने ठोका दिला.

सगळी वाद्यं थांबली. मास्तरांचा सूर एकटाच राहिला. तो त्यांनी सोडला नाही, ओळ पुरी केली, आणि मग ट्रम्पेट उतरवला.

"पडले," धर्मा म्हणाला.

"पडलो नाही," मास्तर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "उतरलो. आणि चढलो."

"मास्तर, मी उतरलो तवा तुमी काय बोललेले?"

मास्तर ट्रम्पेटच्या कळा पुसायला लागले.

"बोला की. सगळ्यांसमोर बोललेले तुमी. मी सतरा वर्षांचा व्हतो. माझी माय बाहेर उभी व्हती, पोराचं झालं की घेऊन जाईन म्हनून."

"पडला बोललो," मास्तर म्हणाले.

"मग?"

"तो नंदाखालचा नियम होता. मला तेव्हा तेवढंच माहीत होतं."

गॉडफ्रेने काठ्या मांडीवर ठेवल्या. "थांब धर्मा. मास्तर नेहमी सांगायचे, शिडी आपली नाही, कॅन्सस सिटीची आहे. तर कॅन्सस सिटीचा नियम बघू. सर इथे आहेत." तो कडेच्या खुर्चीकडे वळला. "सर, तुम्ही सांगाल ते. खाली उतरून चढला तर तिथे पडला म्हणतात की नाही?"

सगळी शेड पेडणेकरांकडे बघायला लागली. मास्तरही. त्यांच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती. ओट्यावर वाचलेलं ते पान दोघांच्यामध्ये होतं, आणि मास्तरांनी त्या पानावर पाय देऊनच सातव्या पायरीवर खाली उडी घेतली होती. ते स्वतः पुस्तकाचं नाव घेणार नव्हते. तेवढा त्यांचा मान होता. साक्षीदाराने बोलायचं होतं.

पेडणेकर उठून उभे राहिले. पान त्यांना दिसत होतं. डावीकडचं, खालच्या अर्ध्यात, कडेला चहाचा डाग. पण तो ट्रम्पेटवाला होता की कॉर्नेटवाला? हा सगळ्या शहराचा नियम होता की त्या एका म्हाताऱ्याची खोड? आपण मराठी करताना एखादा शब्द पदरचा तर घातला नाही? मास्तरांना बरं वाटावं म्हणून? एवढी माणसं आहेत, समोर मोबाईल चालू आहे, उद्या कोणी पान काढून दाखवलं आणि तसं नसलं तर? शनिवारच्या माईकचाही विचार त्यांच्या मनात आला की नाही, हे त्यांना पुढेही नक्की सांगता आलं नसतं. गॉडफ्रेने त्यांचं नाव दिलं होतं, आणि गॉडफ्रेला कुठलं उत्तर हवं होतं हे शेडमधल्या कोणालाही कळलं असतं.

"बघून सांगतो," पेडणेकर म्हणाले.

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळी शेड हसली. धर्मा इतका हसला की त्याला ठसका लागला. "मास्तर, घरी जाऊन बघून सांगतो म्हनतायत. तोवर वरच लटकून रहा."

मास्तर हसण्यात सामील झाले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते पेडणेकरांकडे बघत राहिले. अजून एक संधी द्यावी तसे. पेडणेकरांनी खाली पाहिलं. फरशीवर कुठल्यातरी ड्रमच्या स्टँडचे तीन ठसे होते.

मास्तरांनी ट्रम्पेट जमिनीवर ठेवला.

"मास्तर, तो तुमचा स्वतःचा आहे," प्लासिड पहिल्यांदाच बोलला. "बँडचा नाही. घेऊन जा."

"नियमात असं कुठे आहे?" मास्तर म्हणाले. हॅट सारखी केली आणि मागच्या दाराने गेले. खुर्च्यांवरची माणसं उठून दाराशी गर्दी करून उभी राहिली. केळीच्या वाफ्यात पाणी होतं. दुसऱ्या पावलाला मास्तरांचा बूट चिखलात राहिला. ते वळले नाहीत. एका पायात बूट आणि एका पायात मोजा असे ते बागेतून कुंपणापर्यंत गेले. अल्पेश शेवटपर्यंत मोबाईल धरून होता.

पेडणेकर पुढच्या दाराने बाहेर पडले.

घरी पोचल्या पोचल्या, चप्पल न काढता, त्यांनी कपाट उघडलं. पान तिथेच होतं. ट्रम्पेटच लिहिलं होतं. एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगून लेखकाने पुढे असंही लिहिलं होतं की हे सगळे मानत, आणि ज्याला हे पडणं वाटे त्याला ते अडाणी समजत. पेडणेकरांनी एकही शब्द पदरचा घातला नव्हता. उलट हे शेवटचं वाक्य वाचताना त्यांच्याकडून सुटलं होतं.

"मिळालं का?" लतिकाबाईंनी विचारलं. त्यांना सगळं थोडक्यात सांगून झालं होतं.

"मिळालं."

"मग करा फोन. इथे कपाटाला काय सांगताय?"

त्यांनी गॉडफ्रेला फोन केला. पान वाचून दाखवलं, सावकाश, चुकू नये म्हणून बोट ठेवून.

"अरे वा," गॉडफ्रे म्हणाला. "मस्त आहे हे. सर, हेच सांगा ना शनिवारी. लोकांना आवडेल."

"पण मास्तर... त्यांची जागा..."

"ते झालं आता. सगळ्यांसमोर झालं. मीच परत उठवलं तर माझं कोण ऐकणार?" तो जरा थांबला. "मास्तरांची काळजी नको. अल्पेशभाईला त्यांचा लूक आवडलाय. दारात बसायला पाहिजेत त्याला, हॅट घालून. लोक फोटो काढतील. मी विचारलं त्यांना. आधी शिवी दिली. मग म्हणाले, ट्रम्पेट माझाच देशील ना?"

पेडणेकरांनी पुस्तक मिटलं. "शनिवारी सातला या," गॉडफ्रे म्हणाला. "काळा शर्ट आहे ना?"

मास्तरांना फोन करावा असं त्यांना सोमवारी वाटलं, मंगळवारीही वाटलं. गुरुवारी ते नंदाखालला गेले नाहीत. तोवर अल्पेशने टाकलेला व्हिडिओ लतिकाबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला होता. त्यात फाटलेला सूर होता, ठोका होता आणि चिखलातला बूट होता. सातवी ते दहावी पायरी कापलेली होती. खाली हसण्याच्या चेहऱ्यांच्या रांगा होत्या.

शनिवारी ते आधीच पोचले, आणि दारातून आत जायचं टाळण्यासाठी स्वयंपाकघराच्या बाजूने आत शिरले. रेस्टॉरंट भरलं होतं. भिंतींवर काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या चौकटी होत्या. त्यांतलं कोणीच पेडणेकरांना ओळखता आलं नाही. गॉडफ्रेने माईक त्यांच्या हातात दिला.

त्यांचा आवाज सुरुवातीला कापला. मग त्यांना आश्चर्य वाटलं की तो कापायचा थांबला. त्यांनी कत्तलखान्यांचं शहर सांगितलं, न मिटणारे गुत्ते सांगितले, शिडी सांगितली. शेवटी त्या म्हाताऱ्याबद्दल सांगितलं, जो थकल्यावर एक सप्तक खाली उतरायचा आणि तिथून पुन्हा चढायचा. "याला तिथे पडणं म्हणत नसत," ते म्हणाले. "लोक उभे राहत." टाळ्या आल्या. कबाबची थाळी घेऊन चाललेला वेटरसुद्धा थांबला होता. ड्रममागून गॉडफ्रेने अंगठा दाखवला. प्लासिडने ट्रम्पेट उचलला, पण तो पेडणेकरांकडे बघत नव्हता.

बँड सुरू झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात वेटरांची ये-जा वाढली आणि तिकडून निघता येईना. पुढच्याच दाराने जावं लागलं. दाराबाहेर लाल खुर्चीवर मास्तर बसले होते. तोच वेस्टकोट, तीच हॅट. पायांत नवे काळे बूट होते, रेस्टॉरंटचे. मांडीवर ट्रम्पेट होता आणि त्याचं माउथपीस काढलेलं होतं. मुलं फुंकतात म्हणून, असं अल्पेशने वेटरला सांगितलेलं पेडणेकरांनी आत ऐकलं होतं. मास्तरांच्या डोक्यावर दाराला स्पीकर टांगलेला होता.

"मास्तर," पेडणेकर म्हणाले.

"बोललात छान. बाहेर सगळं ऐकू येतं."

"मी बघितलं होतं. त्याच दिवशी. आपण वाचलं तसंच आहे. त्याच्याहून जास्त आहे."

"मला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "मला बघावं लागलं नाही."

पेडणेकर तिथेच उभे राहिले. त्यांना वाटत होतं अजून एक वाक्य आहे, ते आलं की बरं होईल. ते शोधत होते. एक कुटुंब रिक्षातून उतरून दाराशी आलं. आई, वडील, दोन मुली. लहान मुलगी धावत येऊन मास्तरांच्या खुर्चीला टेकली. वडिलांनी मोबाईल काढून धरला आणि जरा थांबले.

मास्तरांनी हॅट सरळ केली, ट्रम्पेटचं रिकामं टोक ओठापाशी नेलं, गाल फुगवले.

"बाजूला व्हा, सर," ते म्हणाले. "फोटोत येताय."